विचारणांच्या भाराखाली यूपीआय

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय व्यवहार कोलमडले. एनपीसीआयच्या तपासात कारण आढळले ते असे : काही बँका जुन्या व्यवहारांच्याही स्थितीची वारंवार विचारणा करत राहिल्या. उत्तर येईना म्हणून पुन्हा विचारणा, आणि विचारणेमुळे उत्तराला आणखी विलंब, असे हे दुष्टचक्र. अनेक संगणकांवर विखुरलेल्या प्रणालीत भार वाढताच प्रत्येक घटकाने आपला वेग आपणहून आवरणे अपेक्षित असते. तसे न घडल्याने १ ऑगस्टपासून निर्बंध आले : एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासणी, स्थितीची विचारणा ३ वेळाच. मर्यादा आवश्यकच, परंतु ठरावीक आकड्याला गर्दीची वेळ कळत नाही. मडगावच्या बाजारातील मासेविक्रेतीला पैसे पोहोचल्याची खात्री हवी असते. त्यासाठी चालू स्थितीतच स्वतःला सावरणारी रचना बँकांना उभारावी लागेल.