नौकायात्रा आणि देव्हाऱ्यातील दिवा

दिवाळीच्या सुटीत नाईल नदीवर लक्सर ते आस्वान नौकायात्रेस निघणाऱ्या कुटुंबांस आमच्या शुभेच्छा आहेत. आस्वानच्या बाजारात मसाले व अंबाडीची सुकी लाल फुले अवश्य पाहावीत. परंतु फिलीच्या इसिस देवीच्या मंदिरात क्षणभर स्तब्ध उभे राहावे. धरणाच्या पाण्यातून वाचविण्यासाठी हे मंदिर सुटे करून अगिल्किया बेटावर पुन्हा उभारण्यात आले. १९८० साली ते खुले झाले. शिळा वाचल्या, पूजा मात्र सहाव्या शतकातच थांबली होती. इकडे भीमाकाठचे पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनीच्या जलाशयात बुडाले. तरी पाणी ओसरताच भाविक तेथे हात जोडतात. देवस्थान जागृत राहते ते उपासनेने. म्हणून प्रस्थानापूर्वी देव्हाऱ्यातील दिवा कोणा शेजाऱ्यावर सोपवून जावे, एवढीच आमची विनंती.