जहाजांचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनो, गोदीचं कधी विचारणार?

डोंगरकड्याच्या ग्रुपवर चार दिवसांपासून युद्धनौकांचे व्हिडिओ फिरतायत. "एवढी जहाजं, तेवढी क्षेपणास्त्रं, शत्रू थरथर कापणार." छान आहे. पण जहाजाच्या बुडाला भोक पडलं तर ते नेणार कुठं, हे एकानंही विचारलं नाही.

ट्रॅक्टरचं इंजन उतरवायचं तर गॅरेज लागतं, बांधावर भागत नाही. तसंच जहाजाचं. त्याला ड्राय डॉक म्हणजे कोरडी गोदी लागते. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं, मग खालचा पत्रा नि पंखा हाताला लागतो. ही सोय नसली तर हजारो कोटींचं जहाज नुसतं उभं.

दुसऱ्या महायुद्धात हे सगळ्यांना कळत होतं. फ्रान्समधल्या सेंट नाझेरची गोदी जर्मनांच्या ताब्यात होती. टिर्पिट्झ ही त्यांची अजस्र युद्धनौका मावेल अशी अटलांटिक किनाऱ्यावर तेवढी एकच. इंग्रजांनी मार्च 1942 मध्ये स्फोटकं भरलेली जुनी विनाशिका थेट तिच्या दारावर नेऊन आदळली. 169 माणसं गमावली, ती एका गोदीसाठी! उलट पर्ल हार्बरला जपान्यांनी जहाजं बुडवली, गोद्या मात्र वाचल्या. म्हणून मोडकी यॉर्कटाउन मे 1942 मध्ये तीन दिवसांत डागडुजी होऊन बाहेर पडली आणि मिडवेला लढली. तीन महिने लागतील असा अंदाज होता म्हणे.

आता आपलं बघा. विक्रमादित्य नौदलात आली 2013 ला. तिला घेऊ शकेल अशी नौदलाची मुंबईतली 281 मीटर लांबीची गोदी सुरू झाली सप्टेंबर 2019 ला. मधली सहा वर्षं तिला दुरुस्तीसाठी कोचीच्या शिपयार्डात जावं लागलं. जहाज आधी अन् गोदी मागून, म्हणजे बैल घेतले आणि गोठा सहा वर्षांनी बांधला! त्या काळात युद्ध झालं नाही, हे आपलं नशीब. नियोजन म्हणू नका त्याला.

गोदीतलं कामही जिवावरचं असतं. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईच्या गोदीतून बाहेर काढताना बेतवा आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. त्यावर कुणी व्हिडिओ बनवला नाही.

आंग्र्यांना हे कळत होतं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं वाघोटन खाडीच्या काठी खडक फोडून केलेली त्यांची गोदी आजही दिसते. आपण किल्ल्यावर सेल्फी काढतो, गोदीकडं फिरकत नाही.

समुद्र आपल्यापासून शेकडो कोस लांब आहे, मान्य. पण कर आपणही भरतो, अन् आपल्याकडची पोरं नौदलाच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतातच की. खासदार मत मागायला आले की रस्ता, पाणी, केळीचा भाव विचाराच. सोबत एवढंही विचारा: दोन विमानवाहू नौका एकदमच जखमी झाल्या, तर दुसरी कुठं लावणार?

फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.