हंगामाचे पहिले तीन दिवस

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिनिंगचे फाटक उघडते आणि बघता बघता गंजीवर, रेच्यांवर, प्रेसवर नवी माणसे उभी राहतात. कळंब-राळेगावपासून हिंगणघाटपर्यंतच्या कापूसपट्ट्यात त्यांना कामावर घेण्याची रीत बहुधा एकच: मुकादम माणसे आणतो, हजेरीपटावर नाव चढते आणि ‘याच्यासंगे उभा राहा’ एवढे सांगितले की शिकवणे संपले. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात शिकवत बसायला वेळ कुठून आणायचा, असे मालक विचारतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. बारमाही कारखान्यात नवखा माणूस चुकतमाकत सहा महिन्यांत तयार झाला तरी चालते. जिनिंगमध्ये तो तयार होईपर्यंत हंगामच उलटून गेलेला असतो. म्हणून त्याचे पहिले तीन दिवस इथे अधिक मोलाचे.

गंजीवरचे कामच पाहा. खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून आलेल्या कापसात प्लॅस्टिकचे धागे, सुतळी, केस येतात. एक धागा रेच्यातून गेला की त्याचे बारीक तुकडे होऊन रुईत मिसळतात, आणि सूतगिरणीत ते वेचून काढणे जवळजवळ अशक्य होते. कापड रंगवल्यावर तो धागा रंग घेत नाही आणि डाग उघडा पडतो. 170 किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. तो सारा ज्या हातांखालून जातो, त्या हातांना हा डाग कोणी दाखवलेला नसतो. ‘कचरा वेच’ एवढे ऐकलेली बाई पालापाचोळा वेचते, पांढरा धागा तिच्या नजरेतून सुटतो. डाग पडलेल्या कापडाचा तुकडा पहिल्या सकाळी तिच्या हातात दिला, तर काय शोधायचे ते तिला वेगळे सांगावे लागत नाही. 2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनमधून अनेक जिनिंगांत नवी यंत्रे आली, पण फाटकातून आत येणाऱ्या माणसाची सुरुवात मात्र जुन्याच रीतीने होत राहिली.

पाहून पाहून काम येतेच, असा जुन्या-जाणत्यांचा आक्षेप आहे. येते, पण पाहणारा आडवाटाही उचलतो. चालू रेच्यात अडकलेला कापूस हाताने ओढणारा शेजारी दिसला की नव्या पोराला तीच पद्धत वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि यंत्रांवर नवखी माणसे आली, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या उपक्रमाने आधी मुकादमांनाच शिकवायचे कसे ते शिकवले: माणसाला मोकळे करा, काम करून दाखवा व प्रत्येक पायरीचे कारण सांगा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून पाहत राहा. रेचा बंद करायचा, रोलर पूर्ण थांबेपर्यंत हात मागे ठेवायचा, मगच कापूस काढायचा. हे नव्या कामगाराने स्वतः तीनदा करून दाखवल्याशिवाय त्याला एकटे सोडू नये. यात कामगारावर मेहरबानी नाही. कारखान्यात सुरक्षेचे प्रशिक्षण मिळण्याचा त्याचा हक्क 1987 च्या दुरुस्तीने कायद्यातच आला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: शिकवलेला माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाल्यापासून त्याचा वर्ध्याचा रस्ताही सोपा झाला. पण तो शेजारच्या जिनिंगमध्ये गेला तरी तुमची शिकवण वाया जात नाही, कारण गिऱ्हाईक एका जिनिंगला नव्हे, साऱ्या पट्ट्यातल्या रुईला नावे ठेवते. शिवाय जिथे पहिल्याच दिवशी नावाने हाक मारली, प्यायचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी दाखवली, हप्ता कधी मिळणार ते स्पष्ट सांगितले, तिथे माणूस परतून येण्याची शक्यता जास्त. यंदा मुकादमाशी बोली करतानाच हे तीन दिवस पूर्ण मजुरीचे धरावेत आणि शिकवणारा जुना कामगार आधीच ठरवून त्याला तेवढ्या दिवसांचा वेगळा भत्ता द्यावा. त्या दिवसांत गाठी थोड्या कमी निघतील, हे धरूनच पहिल्या आठवड्याचे सौदे करावेत.