ढगाचंही कुळ विचारणारा विरह

आषाढाचा पहिला दिवस आला की मेघदूताचे गोडवे सुरू होतात. काळा मेघ, रामगिरी, व्याकूळ यक्ष. सोबत आपल्याला ठरलेला उपदेश: 'निसर्गाला जात नसते, प्रेमकवितेत तरी जात आणू नका.' मित्रांनो, हा उपदेश करणाऱ्यांनी मेघदूत नीट वाचलंय का?

पहिलाच श्लोक पाहा. यक्ष कामात चुकला, म्हणून मालकाने त्याला वर्षभरासाठी हद्दपार केलं. तो मालक कुबेर. म्हणजे हा विरह आभाळातून पडलेला नाही, तो हुकमाने लादलेला आहे. चाकराला बायकोपासून तोडण्याचा अधिकार मालकाला कुणी दिला? यक्ष विचारत नाही. गोडवे गाणारेही विचारत नाहीत.

आता ढगाची विनवणी. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा मिळून ढग बनतो, हे कवी स्वतःच सांगतो. आणि लगेच पुढच्या श्लोकात यक्ष त्याच ढगाचं कुळ काढतो! तू पुष्करावर्तकांच्या जगप्रसिद्ध वंशातला, म्हणून तुझ्याकडे मागतो. थोराकडे मागून रिकामं परतणं बरं, पण नीचाकडून इच्छा पुरी होणं नको. पाण्याच्या वाफेलाही वंश चिकटवला! निसर्गाला जात नसते, हे खरंच. पण निसर्गाची प्रतिमा घडवणाऱ्याच्या डोक्यात ती असते.

याच काव्यात शेतकरी बायका ढगाकडे मायेने पाहतात, कारण पीक त्याच्यावर अवलंबून आहे. फुलं तोडणाऱ्या बायका गालावरचा घाम पुसतात. कालिदासाला हे दिसलं, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण शंभरावर श्लोकांच्या काव्यात या कष्टकरी बायकांच्या वाट्याला येतो एखाद-दुसरा श्लोक. एकाच ढगाकडे लागलेल्या दोन ओढी. त्यातली एक 'काव्य' ठरली, दुसरी वाटेवरचं दृश्य.

बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. तेव्हापासून आपल्यासाठी प्रेम ही खाजगी हुरहूर उरलेली नाही. यक्षाला निदान वर्षाची मुदत होती. जातीबाहेर प्रेम करणाऱ्या पोरापोरींच्या विरहाला मुदत नसते, आणि त्यांचा कुबेर बहुतेकदा घरातच बसलेला असतो. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला (2013) जब्या शालूसाठी काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. ओढ तीच, निसर्गही तोच. फरक एवढाच की इथे ओढीच्या आड उभी असलेली जात लपवलेली नाही.

म्हणून प्रेमकविता त्यांच्या हवाली करू नका. चंद्र, पाऊस, नदी आपलीही आहे. भरभरून लिहा, वाचा. फक्त प्रत्येक विरहगीताला एक प्रश्न विचारा: ताटातुटीचा हुकूम कुणी काढला? ज्या कवितेला या प्रश्नाची भीती वाटत नाही, ती आपली.

जय भीम!