डिस्क भरली म्हणून नवा संगणक कशाला?

शाळेतल्या संगणकाची डिस्क भरली की आपण मुलांचे जुने व्हिडिओ पुसतो, नाहीतर पालकांकडे वर्गणी मागतो. मला दोन्ही पटत नाही. लिनक्स टाकताना एलव्हीएम निवडलेलं असेल, तर बंद पडलेल्या संगणकातली चांगली डिस्क जोडूनही भागतं. 1998 पासूनची ही सोय, तीही फुकट! पालकहो, वर्गणी देण्याआधी एवढं विचाराच.

पोषण आहाराची कोठी आठवा. पोती कोठीत ओततो, लागेल तसं माप काढतो. पोतं म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, कोठी म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, माप म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. नवी डिस्क आली की आधी पीव्हीक्रिएट, मग व्हीजीएक्सटेंड, शेवटी एलव्हीएक्सटेंड. या शेवटच्या कमांडला '-आर' जोडलं की फाइल सिस्टीमही सोबत वाढते. काळ्या पडद्याला घाबरायचं कारण नाही, पण एलएसबीएलके चालवून डिस्कचं नाव मात्र दोनदा बघा. जोडलेल्या डिस्कवरचं जुनं सगळं जातं.

आणखी एक. दोन डिस्कवर पसरलेल्या व्हॉल्यूमची एक जरी डिस्क बिघडली, तरी सगळंच हातचं जाऊ शकतं. निकालपत्रकांची प्रत वेगळ्या डिस्कवर नसेल तर हा उद्योग करूच नका.