धोंडास, संगणक आणि आपण कलाशाखेवाले

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यंत्रातले काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. संगणक अडला की आपण विज्ञानशाखेतला एखादा मुलगा शोधून आणतो आणि हात बांधून बाजूला उभे राहतो. मुलींच्या बाबतीत या समजाची दुसरी बाजूही आहे. चुलीपाशी जे चालते ते त्यांना जन्मतःच येते, तेव्हा त्याला ज्ञान म्हणायचे कारण नाही! हे दोन्ही समज मला मान्य नाहीत. का मान्य नाहीत ते मी एक गोड पदार्थ आणि एक मंद संगणक यांच्या आधाराने सांगणार आहे. वाचकांनी हसून पान उलटू नये, एवढीच विनंती.

पदार्थ म्हणजे धोंडास. आमच्या मिठबावात आणि देवगड-मालवणच्या साऱ्या किनारपट्टीवर तो होतो. पावसाळ्यात धरलेली तवशी पिकून पिवळी झाली की ती घरात वाशांना टांगून ठेवतात व लागेल तसे एकेक उतरवतात. तवसे किसायचे, तांदळाचा रवा तुपावर परतायचा, त्यात गूळ, ओले खोबरे, वेलची आणि चवीपुरते मीठ घालून सारे शिजवून घट्ट करायचे. मग जाड बुडाच्या टोपात हळदीचे पान घालून त्यावर ते ओतायचे. इथपर्यंत कुणालाही जमेल. खरी परीक्षा पुढे आहे. टोपाखाली मंद निखारे, झाकणावरही निखारे, आणि मग थांबायचे. आमची आजी म्हणते, "चेडवा, जाळ वाढवू नको. खालसून करपात आणि वरसून कच्चा रवात."

आजी शाळेत गेलेली नाही, पण तिच्या या एका वाक्यात पुरते शास्त्र आहे. मिश्रण दाट असल्यामुळे खालची उष्णता त्यातून फार हळू वर सरकते. आत ओलावा आहे तोवर मधला भाग पाणी उकळण्याच्या तापमानापलीकडे जात नाही. बुडाचा ओलावा मात्र आधी आटतो, आणि जाळ वाढवला तर तिथला गूळ करपतो. म्हणून उष्णता वाढवण्याऐवजी ती दोन्ही बाजूंनी द्यायची. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर याच तत्त्वाने वरच्या निखाऱ्यांवर भाजतात. अमेरिकेत सफरचंदाचा पाय म्हणून जो पदार्थ करतात, तोही घराबाहेर करायचा झाला तर झाकणावर निखारे मांडता येतील अशा लोखंडी भांड्यात भाजतात. त्यांच्या भांड्याला पुस्तकात जागा आहे, आमच्या टोपाला नाही, इतकाच फरक!

आता संगणकाकडे वळते. मुंबईच्या काकांनी एका गणपतीला येताना त्यांचा जुना संगणक आमच्याकडे आणला. शिष्यवृत्तीचा अर्ज, हॉलतिकीट, निकाल, सगळे आता त्याच्यावर. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कुणी नाही. सुरू व्हायला तो पाच-सहा मिनिटे घ्यायचा. दुरुस्तीच्या एका दुकानात बाबा तो घेऊन गेले, तर उत्तर मिळाले, "हा टाका, नवा घ्या." बाबा दुसऱ्याच्या कलमांच्या बागेत राखण करतात. नवा घ्या म्हणणाऱ्याने आंब्याचा एक हंगाम आमच्या घरी काढून पाहावा.

वास्तविक संगणक मंद होण्याची कारणे ठरलेली असतात आणि ती ओळखायला इंजिनियर व्हावे लागत नाही. जुन्या संगणकात माहिती फिरत्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर असते. ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण विखुरलेली माहिती वाचताना प्रत्येक वेळी वाचणारी सुई सरकायची आणि हवा तो भाग तिच्याखाली यायची वाट पाहायची, यातच वेळ जातो. तिच्या जागी एसएसडी बसवली की काहीच फिरत नाही. दुसरे कारण रॅम. ती भरली की संगणक उरलेले काम डिस्कवर ढकलतो आणि डिस्क तर आधीच मंद. तिसरे, सुरू होतानाच न विचारता उघडणारे दहा प्रोग्रॅम. टास्क मॅनेजर उघडून ते बंद करता येतात, त्याला पैसा लागत नाही. वेग वाढवून देतो म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम मात्र घेऊ नयेत. तेही त्या दहांत अकरावे होऊन बसतात.

चौथे कारण आजीला लगेच पटले. पंख्यात धूळ साचली, प्रोसेसरवरचा लेप वाळला की आतली उष्णता बाहेर जात नाही, आणि मग जळू नये म्हणून प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. "म्हंजे तेचाव इस्तो जास्त झालो," आजी म्हणाली. याहून नेमके मला कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही.

आमच्या संगणकाला १८०० रुपयांची एसएसडी बसवली आणि धूळ झाडली. आता तो अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि आमचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. तरी त्यामुळे ते भंगार ठरत नाही. लिनक्स फुकट मिळते. सी-डॅकने आपल्याकडच्या भाषांची सोय असलेली 'बॉस' ही प्रणाली त्यावरच बांधली आहे. याच सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तो बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून आणि काम त्यांच्यात वाटून. जाळ न वाढवता निखारे दोन्हीकडे मांडण्याचीच ही रीत, असे मी म्हटले तर प्राध्यापक मंडळी माझे कान धरतील. पण मी म्हणणार.

धोंडास मंद शिजते, कारण ते तसेच शिजायला हवे. आमचा संगणक मंद होता, कारण त्यात दोष होता. कुठल्या मंदपणाला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे कळायला वस्तूच्या आत काय चालले आहे ते पाहावे लागते. हे पाहण्याची सवय आपल्याला कुणी लावत नाही. माझ्या भावाला टोपावर निखारे किती ठेवायचे ते ठाऊक नाही, आणि माझ्या मैत्रिणी पेचकस हातात धरायला लाजतात.

आपल्या महाविद्यालयात एका खोलीत चादरीखाली काही जुने संगणक झाकून ठेवलेले आहेत. ते भंगारात देण्यापूर्वी एक रविवार द्वितीय वर्ष कलाच्या विद्यार्थ्यांना, मुलामुलींना दोघांनाही, ते उघडून पाहू द्यावेत, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. चार बिघडलेल्यांचे भाग काढून एक चालू झाला तरी अर्जाच्या दिवसांत बाहेर लागणारी रांग कमी होईल. पेचकस मी घरून आणीन. धोंडासही आणीन, पण त्याला आदल्या संध्याकाळी चूल पेटवावी लागते, तेव्हा तारीख दोन दिवस आधी कळवावी.