हजेरीपटावर आपलेही नाव

मृगाचे नक्षत्र लागून आठवडा उलटलेला असतो. पेरणीची धांदल, आभाळाकडे लागलेले डोळे, आणि त्या गडबडीतच जूनच्या मध्यावर एका सकाळी शाळेच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते. पहिलीत नव्याने दाखल झालेल्या पोरांची बैलगाडीतून, हल्ली ट्रॅक्टरमधूनही, वाजतगाजत मिरवणूक निघते. हाती गुलाबाचे फूल येते, कोरी पुस्तके येतात, दुपारी ताटात गोडधोड पडते. विदर्भात उन्हाचा कडाका लांबतो म्हणून तिकडे हा सोहळा जूनच्या अखेरीस होतो, एवढेच. ओल्या मातीचा आणि कोऱ्या पुस्तकाचा वास एकाच दिवशी घेण्याचे भाग्य आपल्या मुलखाला लाभले आहे, आणि शाळा सोडून चाळीस वर्षे झाली तरी त्या वासाने आपले मन हळवे होते.

याच दिवसांत अनेक शाळांत आणखी एक गोष्ट घडते आणि आपण ती सहज ओलांडून जातो. मुलाच्या हाती एक चिठ्ठी येते. संध्याकाळी कंपासपेटी उघडली की पेन्सिलीखाली चुरगळलेली सापडते: पालकसभा आहे, उपस्थित राहावे. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपलेली असते, नवी समिती निवडायची असते. सभेला दहा-पंधराजण येतात. मुख्याध्यापक वाट पाहतात, घड्याळ पाहतात, आणि अखेर नावे लिहून टाकतात. दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची वही दारोदार फिरते. तव्यावर भाकरी टाकलेली आई पिठाचा हात पदराला पुसते, दाखवलेल्या जागी सही करते आणि पुन्हा चुलीकडे वळते. आपण आजपासून सदस्य झालो, हे तिला महिन्याभराने कुणी तरी सांगते.

त्या सहीचे मोल केवढे आहे, हे कळायला थोडे मागे जावे लागते. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले आणि बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये आपल्या संस्थानातल्या अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. आणि 1917 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवावा लागला. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती. पालकाला शाळेच्या दारापर्यंत आणण्यासाठी राजाला दंडाचा बडगा उगारावा लागत होता. मग लोकल बोर्डांची स्कूल बोर्डे आली. 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, तरी जुनी माणसे अजून ‘बोर्डाची शाळा’ असेच म्हणतात. आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तेव्हा त्याच पालकाला शाळेने आत बोलावून मानाची जागा दिली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्षही पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापकांनी सचिव म्हणून शेजारी बसायचे. दंड भरणाऱ्याच्या पणतूला शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि अनुदानाच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार मिळाला. शंभर वर्षांच्या आतली ही वाटचाल आहे.

अधिकार नुसता कागदावर असला की त्याला गंज चढतो. वापरला की काय होते, हे पाहायचे तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पोरेही फडावर जातात. ती शाळेतच राहावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृहे चालतात, आणि ती चालवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. आईबाप शेकडो मैलांवर कोयता चालवीत असताना गावात राहिलेल्या पालकांनी दुसऱ्यांची लेकरे सांभाळायची, त्यांच्या दोन वेळच्या जेवणाकडे पाहायचे. जिथे हे काम मनापासून होते, तिथे एका पोराचे सहा महिने वाचतात, आणि अनेकदा त्याची शाळाच वाचते.

‘आम्ही कुठे शिकलेलो’, असे म्हणून अनेक माउल्या मागे सरतात. त्यांना आपण आवर्जून सांगायला हवे की खिचडीतल्या डाळीला शिजल्याचा वास येतो की नाही, हे त्यांच्याइतके नेमके कुणाला कळत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का, हा प्रश्न आईलाच सुचतो. सातवीतली एक मुलगी चार दिवस का आली नाही, हे हजेरीपटाच्या आधी शेजारणीला ठाऊक असते. समितीला लागणारे शहाणपण बरेचसे असे, घरातले आहे. बाकीचे, आराखडा कसा लिहायचा आणि पावती कशी तपासायची, ते दोन बैठकांत शिकता येते.

आणि जिथे चुरस असते, तिथेही आपण जरा जपून पावले टाकावीत. काही गावांत अध्यक्षपदाकडे ग्रामपंचायतीची पहिली पायरी म्हणून पाहिले जाते, गट पडतात, निवडून आलेल्या बाईच्या जागी तिचा नवरा बैठकीला बसतो. शाळेच्या ओट्यावर हे शोभत नाही. इथे चिन्ह नाही, मानधन नाही. दर महिन्याची बैठक आहे आणि समोर आपल्याच पोरांची पायताणे रांगेत मांडलेली आहेत. उभे राहायचे तर जरूर राहावे, दोन नावे आली तर पालकांनी हात वर करून निवडावे, आणि हरलेल्याने पुढच्या पालकसभेला पहिल्या सतरंजीवर येऊन बसावे. वीसहून कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत विलीनीकरण करण्याची चर्चा 2023 पासून आपण ऐकत आहोत. अशा वेळी गावाच्या वतीने बोलणारी समिती जागी आहे की वहीतच झोपली आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

तेव्हा या आठवड्यात मुलाचे दप्तर एकदा स्वतः उघडा. चिठ्ठी सापडली तर दिवस आणि वेळ पाहून घ्या, पेरणीतला एक तास बाजूला काढा, शेजारच्या दोघींना सोबत घ्या. आणि नावे विचारली जातील तेव्हा आपले नाव आपणच सांगा.